अनसूयेचा शिंजीर

आठवणी लिहायच्या तर लिहिण्याजोगं काही हातून घडलेलं असावं, असं मला नेहमी वाटत आलं आहे. माझ्या हातून तसं काही घडलेलं नाही. मी उभा जन्म शाळेतल्या मुलांना बेडूक आणि पेशी शिकवल्या, आणि मराठी लिहायची सवय तर सांगली सुटली तेव्हाच सुटली. त्यामुळे ही पानं वाचणाऱ्याची मी आधीच माफी मागतो. शब्द कुठे अडखळले तर ते माझंच अडखळणं आहे असं समजावं. मुलगी म्हणते, "बाबा, जस्ट राइट इट डाउन, कोण मार्क्स देणार आहे?" तिचं म्हणणं खरं असेल. पण ज्या एका हिवाळ्याबद्दल मला लिहायचं आहे तो सांगताना मी कुणाला दोष देतो आहे असं वाटू नये, याचीच मला जास्त धास्ती आहे.

आम्ही तेव्हा नेपरव्हिलला आत्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये राहत होतो. आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. तिचे यजमान डॉक्टर. आम्ही त्यांना डॉक्टरकाका म्हणायचो. आत्यानेच कागदपत्रं करून आम्हाला इकडे आणलं. अण्णा सांगलीला फिटर होते. इथे त्यांना नदीकाठच्या एका कारखान्यात लेथवर काम मिळालं आणि मी हायस्कूल संपवेपर्यंत तो कारखानाच बंद पडला. भाड्याचं घर सोडून आम्ही थोड्या दिवसांसाठी म्हणून आत्याकडे आलो. त्या थोड्या दिवसांचं टोक कुठे दिसत नव्हतं. बेसमेंट तसं वाईट नव्हतं. खाली कार्पेट होतं, भिंतीला लाकडी पॅनेल होतं, आणि छताजवळ एक अरुंद खिडकी होती, तिच्यातून उन्हाळ्यात गवताची मुळं आणि हिवाळ्यात नुसता बर्फ दिसायचा. फर्नेस सुरू होताना धप्प असा आवाज व्हायचा आणि आई दर वेळी दचकायची. डोक्यावर आत्याच्या सपाता इकडून तिकडे फिरत. त्यांच्या आवाजावरून आम्हाला कळायचं की आता वर कोणी आलंय, आता टीव्ही लागणार, आता आपण जरा हळू बोलायचं.

आई वरच्या स्वयंपाकघरात सगळ्यांचा स्वयंपाक करायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि "राहू दे वहिनी" असंही कोणी म्हटलं नव्हतं. राइस क्रिस्पीजचा चिवडा, सावर क्रीमचं श्रीखंड, बिस्क्विकचे गुलाबजाम, हे सगळं ती आत्याकडून शिकली आणि आत्यापेक्षा बरं करू लागली. अण्णा पहाटे उठून ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचे, डॉक्टरकाका गाडी बाहेर काढायच्या आत. काकांनी एकदा बर्फ उडवणारा स्नोब्लोअर आणला तेव्हा अण्णांचा चेहरा असा उतरला की तो त्यांनी परत करून टाकला. डॉक्टरकाका भले होते. सगळेच भले होते. म्हणूनच कुणाला काही बोलता यायचं नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. कोणता विषय घ्यायचा हे विचारायला मला कोणी नव्हतं. मी जीवशास्त्र घेतलं आणि त्याचं पुढे काय होतं हे अण्णांना शेवटपर्यंत नीट समजावून सांगू शकलो नाही. आमच्यात ठरलं होतं ते एवढंच: पदवी होईपर्यंत ते काही म्हणणार नाहीत. त्यानंतर पीएच.डी.ला स्टायपेंडसकट जागा मिळाली तर मी शिकायचं, नाही तर डॉक्टरकाकांच्या मित्राच्या गोदामात नोकरी धरायची, म्हणजे आम्हाला आपलं घर घेता येईल. माझे केमिस्ट्रीचे मार्क असे होते की नुसत्या मार्कांवर मला कोणी दारात उभं केलं नसतं.

कॉलेजची फी भरायला मी शहरातल्या एका संग्रहालयात पक्ष्यांच्या विभागात काम करायचो. ट्रेनने जायचं, लोखंडी कपाटं उघडायची, खण ओढायचे. खणात पक्षी उताणे झोपवलेले असत, आत कापूस भरलेले, डोळ्यांच्या जागी कापूस, पायाला चिठ्ठी बांधलेली. डांबराच्या गोळ्यांचा वास माझ्या स्वेटरला लागायचा आणि आई म्हणायची, "ट्रंकेतून निघून आल्यासारखा येतोस." विभागाच्या प्रमुख डॉ. हॅल्वर्सन नावाच्या बाई होत्या. उंच, वाकलेल्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी मला आफ्रिकेतल्या शिंजिरांची मापं घ्यायला बसवलं. शिंजीर म्हणजे फुलातला मध पिणारा तो चिमुकला पक्षी, आपल्याकडे जास्वंदीला उलटा लोंबकळतो तो. आफ्रिकेत त्याचे कितीतरी भाऊबंद आहेत, आणि त्यातले काही एकमेकांसारखे इतके दिसतात की हिरवं चकचकीत डोकं आणि छातीवर तांबडा पट्टा पाहिला की जुन्या लोकांनी सगळे एकाच नावाखाली ठेवून दिलेले. सगळेजण नरच बघायचे. माद्या मळकट दिसतात, म्हणून त्या खणाच्या मागच्या बाजूला. मी नवखा होतो, मला कोणी सांगितलं नव्हतं की माद्यांकडे फारसं बघायचं नसतं. मी त्याही मापल्या. पूर्व आफ्रिकेतल्या एका डोंगररांगेतून आलेल्या चार पक्ष्यांत दोन माद्या होत्या, आणि त्या बाकी ठिकाणच्या माद्यांसारख्या नव्हत्या. पोट हळदीसारखं पिवळं, डोळ्यावरची फिकी भुवई नाही, चोच लांब. मी घाबरत घाबरत डॉ. हॅल्वर्सनना दाखवलं. त्यांनी खिडकीपाशी नेऊन पाहिलं, परत पाहिलं, आणि खुर्चीत बसल्या. त्या हिवाळ्याच्या आत त्यांची खात्री झाली की ही जात आजवर कोणी ओळखलेली नाही. निबंधावर त्यांच्याबरोबर माझं नाव असणार होतं. "हा छापून आला," त्या म्हणाल्या, "की तुझे केमिस्ट्रीचे मार्क कोणी विचारणार नाही." मग म्हणाल्या, "तू पाहिलंस. नाव तू सुचव."

पक्ष्याचं शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द आडनावासारखा. शास्त्रज्ञांचं मत बदललं की तो बदलतो. (मी शिकत होतो तेव्हा बहुतेक सगळे शिंजीर एका मोठ्या आडनावाखाली नांदत होते. पुढे ते घर फुटलं आणि चार-पाच आडनावं झाली. परवा नातवाच्या फोनवर पाहिलं तर मला त्यातलं निम्मं ओळखू आलं नाही.) दुसरा शब्द मात्र ज्याने पहिल्यांदा नीट वर्णन करून छापला त्याचाच. मागून कोणी कितीही मोठा आला तरी त्याने ठेवलेलं नाव चालत नाही. हे मी एका रविवारी बेसमेंटमध्ये आईला आणि अण्णांना सांगत होतो. जिन्यात आत्या धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"म्हणजे पहिलं ठेवलेलंच खरं?" आईने विचारलं.

"हो."

"बरंय पाखरांचं."

"आई, त्याला तुझं नाव देतोय."

"सुनंदा?"

"नाही. अनसूया."

आईच्या हातातली सुई थांबली. अनसूया हे तिचं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने सुनंदा लिहिलं गेलं आणि त्या दिवसापासून अनसूया संपली. मी ते नाव फक्त आजीच्या तोंडून ऐकलं होतं. आई म्हणाली, "आई गेल्यापासून ते कोणी घेतलं नाही रे," आणि मान खाली घालून परत बटण लावू लागली. अण्णा म्हणाले, "पाखराला बायकोचं नाव, आणि नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही!"

"तुमचं एखाद्या घुबडाला देतील," आई म्हणाली, आणि जिन्यातून आत्या खो खो हसली.

मग अण्णांनी मला तो निबंध मराठीत सांगायला लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आईच्या नावाला लॅटिनची शेपटी जोडल्यावर जे नाव होतं त्याचं स्पेलिंग त्यांनी मोठ्याने म्हणत पाठ केलं, कारखान्यातले पार्ट नंबर पाठ करायचे तसं. ते शेपटीसकट नाव मी आजही कागदावर उतरवत नाही. इथेही नाही.

आत्या आमच्या इथल्या मराठी मंडळाचं पत्रक काढायची. तेव्हा मराठी टाइप करायची सोय नव्हती. सगळा मजकूर ती हाताने लिहायची आणि डॉक्टरकाकांच्या क्लिनिकमधल्या मशिनवर कॉपी काढून स्टेपल करायची. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. संक्रांतीचा अंक पोस्टात पडून गेल्यावर तिने एक प्रत हसत हसत माझ्या हातात दिली. "आपली मुलं" या सदरात मोठ्या अक्षरात मथळा होता: आफ्रिकेतल्या पक्ष्याला आमच्या वहिनीचं नाव! खाली मादीचं पिवळं पोट, नसलेली भुवई, लांब चोच, ती इतर शिंजिरांपेक्षा वेगळी कशी, सगळं जसंच्या तसं. आणि मराठी मजकुराच्या मधोमध, इंग्रजी अक्षरांत, ते नाव. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

डॉ. हॅल्वर्सननी मला नाव ठरलं त्याच दिवशी बजावलं होतं की निबंध येईपर्यंत हे नाव कुठेही छापलं जाता कामा नये. मी घरी ते सांगितलंही होतं. पण छापणं म्हणजे वर्तमानपत्र, पुस्तक. मंडळाचं पत्रक म्हणजे छापणं, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं असतं?

"आत्या, हे द्यायचं नव्हतं गं."

"का रे विजू? चोरीचं आहे का काही?"

"नाव आधी कुठे यायला नको होतं."

"बारशाला बाळाच्या कानात नाव कोण सांगतं? आत्याच ना? मग? मी माझं काम केलं." ती अजून हसतच होती. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू हळूहळू गेलं. "काय झालं? बोल की."

तिच्या घरात राहून तिच्यावर आवाज कसा चढवायचा हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. अण्णांनी कोट घातला. "परत आणू," ते म्हणाले. "सगळे अंक परत आणू. चल." आत्याने मुकाट्याने पत्ते सांगितले, आणि शनिवार-रविवार आम्ही डॉक्टरकाकांची जुनी गाडी घेऊन बर्फातून घरोघर फिरलो.

ज्या माणसाने इतक्या वर्षांत कुणाच्या दारात काही मागितलं नाही, तो माणूस पायपुसण्यावर बूट झटकत उभा राहून म्हणायचा, "जरा तो संक्रांतीचा अंक परत हवा होता. मुलाच्या कामाचं आहे हो." लोक आम्हाला आत ओढायचे. तिळगूळ, चहा, पुन्हा तिळगूळ. देशपांडेकाकू अंक छातीशी धरून म्हणाल्या, "परत? अहो, त्यात माझी गुळाच्या पोळीची रेसिपी आलीय! इंडियाला पाठवायचाय मला." त्यांचे यजमान सोफ्यावरून ओरडले, "यार, सांगा तरी झालं काय! पोलिटिकल आहे का काही?" रेसिपी नेमकी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला होती. शेवटी काकूंनी ती दुसऱ्या कागदावर उतरवून घेतली, तोवर आम्ही दोघं बशीतले लाडू हातात धरून बसलो. एका घरी मुलाने त्या पानावर डायनोसॉर रंगवला होता. एका घरी अंक रद्दीत गेला होता आणि अण्णा गॅरेजमधल्या पिशव्या उपसायला निघाले तेव्हा त्या घरच्या काकूंचे डोळे भरून आले. बऱ्याच घरांतून अंक आधीच पुण्याला, नागपूरला, कुणाच्या आई-वडिलांकडे पोस्टाने गेले होते. परत येताना गाडीत अण्णा म्हणाले, "पुण्यातले लोक कुठे पाखरं बघतात? तिकडचं सोड." माझ्या मांडीवर अंकांचा गठ्ठा होता. तो फार लहान होता.

सोमवारी मी एक प्रत डॉ. हॅल्वर्सनच्या टेबलावर ठेवली. त्यांना मराठी येत नव्हतं, पण मधलं नाव वाचता आलं. मी ओळ न् ओळ इंग्रजीत सांगितली. त्या रागावतील या भीतीने मी रस्ताभर काय काय जुळवत आलो होतो. त्या रागावल्या नाहीत. "तुझ्या आत्याने वर्णन चांगलं केलंय," त्या म्हणाल्या. "नाव आहे, वर्णन आहे, वेगळेपण सांगितलंय. पंचाईत तीच आहे." मग त्यांनी मला समजावलं. हे पत्रक नियमांच्या दृष्टीने प्रसिद्ध झालं असं ठरलं, तर पक्ष्याचं नाव ठेवणारी माझी आत्या. मग तेच नाव आम्ही नवं म्हणून छापलं तर निबंध खोटा, आणि दुसरं नाव दिलं तर पहिलं शाबूत असल्यामुळे दुसरं टाकाऊ. अंक गोळा करून काही होत नाही. एकदा वाटलं ते वाटलं. "याची प्रत एखाद्या ग्रंथालयात आहे का?" त्यांनी विचारलं. "नसेल, तर प्रसिद्ध झाल्याचा पुरावा कुठे राहत नाही, आणि मी धोका पत्करेन."

मी घरी येऊन आत्याला विचारलं. ती ओट्याशी उभी होती.

"आहे ना," ती म्हणाली. "शहरातल्या त्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत दर अंक पाठवते मी. तिथल्या बाई तारखेचा शिक्का मारून ठेवतात. अरे, उद्या कोणी विचारलं की इथे मराठी माणसं राहत होती का, तर दाखवायला काहीतरी नको?" आणि मग, माझं तोंड बघून, "विजू, तेही चुकलं का रे?"

अण्णा दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर त्या लायब्ररीत आले. त्यांनी टाय लावला होता. तिथल्या बाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं, अंक आणून दाखवला, शिक्क्यासकट, आणि सौम्यपणे सांगितलं की एकदा नोंद झालेली वस्तू परत देता येत नाही. अण्णांनी मला विचारलं, "काय म्हणतात?" मी सांगितलं. ते अंकाच्या कडेवर बोट ठेवून उभे राहिले. पुढच्या माणसाला जागा द्यावी लागली तेव्हा त्यांनी बोट उचललं.

डॉ. हॅल्वर्सननी नियतकालिकाकडे पाठवलेला निबंध परत मागवला आणि नावांचे वाद सोडवणाऱ्या समितीकडे मत मागितलं. म्हणाल्या, नियम पाळून सगळं आयुष्य काढलं, आता शेवटी मोडत नाही. मग वाट पाहणं सुरू झालं. त्या वाट पाहण्याबद्दल मला लिहिता येत नाही. मी रोज ट्रेनने जायचो, त्यांच्या टेबलावरची पोस्टाची चळत बघायचो, परत यायचो. मी जिना उतरलो की अण्णा विचारायचे, "आलं का काही?" काही दिवसांनी त्यांनी विचारणं सोडलं आणि नुसते वर बघायचे, ते जास्त कठीण होतं. आत्याने पत्रक काढणं बंद केलं. ती खाली यायची नाही. शिऱ्याची ताटली जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून जायची, आणि ती तिथेच गार व्हायची. आई एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "माझं नाव काढून टाक. सुनंदाच ठेव. नाही तर काहीच नको ठेवू." मी म्हटलं तसं नाही चालत. "माझ्या नावापायी घर असं झालं," ती म्हणाली, आणि नळ मोठा सोडला. पीएच.डी.साठी अर्ज केला होता त्या युनिव्हर्सिटीतून पत्र आलं: प्रसिद्ध झालेलं संशोधन असेल तर कळवावं, एरवी दिलगीर आहोत. मुदत वाढवून मागितली, मिळाली, तीही सरली. मी झोपेत त्या दोन माद्या उलट्यापालट्या करत असायचो.

माझी पदवी झाली त्या आठवड्यात डॉ. हॅल्वर्सननी मला खोलीत बोलावलं. टेबलावर युरोपातलं एक पातळ नियतकालिक उघडं होतं. तिकडचे दोन संशोधक त्याच डोंगरात जाऊन आले होते आणि त्यांनी त्या शिंजिराचं वर्णन छापलं होतं. रंगीत चित्र होतं, नराशेजारी मादी, पिवळं पोट, भुवई नाही. चोचीचं मापही माझ्या मापाशी जुळत होतं. नाव त्यांनी त्या डोंगरावरून दिलं होतं. त्यात कोणाची काही लबाडी नव्हती; त्यांनी पाहिलं, आणि छापलं. संग्रहालयाची रीत अशी की नाव बदललं तरी पक्ष्याच्या पायाची जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत, नवी तिच्या जोडीला बांधतात. चिठ्ठ्या लिहायचं काम माझं होतं. मी त्या चौघांच्या पायांना ते नवं नाव लिहून बांधलं. डॉ. हॅल्वर्सन शेजारी उभ्या राहून दोरा धरत होत्या.

गोदामातली नोकरी मी धरली. पुढे रात्रीच्या कॉलेजात शिकवायचं सर्टिफिकेट घेतलं, ते वेगळं. आम्ही बेसमेंट सोडायच्या तयारीत होतो, खोक्यांवर खोकी रचली होती, झाडांची पानं पडत होती, तेव्हा एका दुपारी वरून आत्याने हाक मारली, "विजू, फोन! तुझ्या बाई!" मी धावत वर गेलो. डॉ. हॅल्वर्सनचा आवाज बारीक येत होता. समितीचं उत्तर आलं होतं. त्यांनी ते मला वाचून दाखवलं, सावकाश, मध्ये मध्ये थांबत. फोन ठेवला तेव्हा आत्या कणकेचे हात तसेच धरून माझ्यासमोर उभी होती आणि आई तिच्या मागे.

"काय म्हणाल्या?" आत्याने विचारलं.

"तुझा अंक त्यांच्या नियमात बसत नाही," मी सांगितलं. "शास्त्रासाठी म्हणून काढलेला नव्हता, म्हणून तो धरत नाहीत. तो कधीच धरला नसता, आत्या. आम्ही थांबायचं कारण नव्हतं."